बाकी तीन

१

सर खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. मान जराशी डावीकडे कललेली, चष्मा नाकावर जागच्या जागी, स्वेटरची बटणं एका काजाने चुकलेली. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता आणि तो मनगटापर्यंत खडूने पांढरा झाला होता. पायाशी झोपेच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती. समोर फळा.

इन्स्पेक्टरने आधी फळ्याकडे पाहिलंच नाही. ती सरांकडेच बघत उभी राहिली. एके काळी ती त्यांची विद्यार्थिनी होती. संशोधन अर्ध्यावर टाकून पोलिसांत गेली तेव्हा सरांनी एका शब्दानेही अडवलं नव्हतं. नुसती मान हलवली होती. अडवलं असतं तर थांबले असते, असं तिला अजूनही कधीतरी वाटून जायचं. त्यानंतर ती या घरात पाऊल ठेवत होती ती आज, आणि ती अशी.

खिडकीपाशी सरांच्या गणित संस्थेचे विभागप्रमुख उभे होते. सरांच्या मुलीने सकाळी सगळ्यात आधी त्यांनाच फोन केला होता. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला आणि फळ्याकडे बोट दाखवलं. यात तपास करण्यासारखं काही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांची संख्या फुटली, म्हाताऱ्याने हाय खाल्ली, गोष्ट संपली.

फळा खोलीच्या मानाने फारच मोठा होता. संस्थेचं जुनं सभागृह पाडलं तेव्हा सरांनी तो हट्टाने घरी आणवला होता. त्याच्या मधोमध एकच दहा आकडी संख्या लिहिलेली होती आणि तिच्याखाली दोन शब्द: ‘भाग जातो.’

इन्स्पेक्टरने ती संख्या डावीकडून उजवीकडे वाचत नेली. शेवटच्या तीन आकड्यांपाशी तिची नजर अडकली. चारशे एक्कावन्न. तिने मनातल्या मनात आठने भाग दिला. आठ छप्पन चारशे अठ्ठेचाळीस. बाकी तीन.

तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. बाकी तीनच.

ही संख्या सरांच्या संख्येला भाग जाणारी असूच शकत नव्हती. आणि हे सरांना खुर्चीवरून न उठता कळलं असतं.

२

सरांची संख्या म्हणजे काय, हे समजायला फार गणित लागत नाही. दोनाला दोनाने गुणायचं, आलेल्याला पुन्हा दोनाने, असं लाखो वेळा करत जायचं आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा. किती वेळा गुणायचं हे नेमकं निवडलं, तर क्वचित, अगदी क्वचित, हाती येते ती मूळ संख्या असते. एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेही भाग न जाणारी. सरांनी उमेदीची सगळी वर्षं अशा एका संख्येपायी घालवली होती. ती कागदावर उतरवायची तर खोलीभर कागद लागला असता. संस्थेच्या कॉम्प्युटरने ती मूळ असल्याचा निर्वाळा दिला होता. पण यंत्रही चुकतं, म्हणून दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या पद्धतीने पडताळणी चालली होती. ती पुरी होईपर्यंत जगाला सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं.

अशा जातीच्या संख्यांचा एक गुण सर पहिल्याच तासाला शिकवत. त्यांना भाग जाणारी कुठलीही संख्या घ्या, तिला आठने भागलं की बाकी एक उरते नाहीतर सात. तीन कधीच नाही, पाच कधीच नाही. कोणी विद्यार्थी विभाजक सापडला म्हणून धावत आला, तर सर त्याचे शेवटचे तीन आकडे तेवढे विचारत आणि तिथल्या तिथे त्याला घरी पाठवत.

विभागप्रमुखांचा विषय भूमिती. हा गुण त्यांच्या कानावरही नव्हता. इन्स्पेक्टरने सांगितल्यावर ते गडबडले. तिने त्यांच्याकडून कॉम्प्युटरच्या खोलीत फोन करवला आणि फळ्यावरची संख्या वाचून दाखवायला लावली. उत्तर यायला वेळ लागला नाही. भाग जात नव्हता. उरलेली बाकी तिने टिपून घेतली.

म्हणजे फळ्यावर कोणीतरी चक्क खोटं लिहिलं होतं. अक्षर सरांचं नव्हतं. सातच्या मानेवर आडवी रेघ होती. सर तशी देत नसत.

“तुमचं आणि सरांचं काही बिनसलं होतं का?” तिने विचारलं.

विभागप्रमुखांनी आधी कानांवर हात ठेवले. मग हळूहळू बोलले. त्यांनी सरांना शिकवणं थांबवायची विनंती केली होती. सरांनी एकच व्याख्यान लागोपाठ तीन वेळा दिलं, शब्दन् शब्द तेच. मुलं आधी हसली, मग हसायची थांबली. सरांना हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून वेळापत्रकाचं काहीतरी कारण पुढे केलं, आणि सरांनी ते मनाला लावून घेतलं.

“म्हातारपण, मॅडम. दुसरं काय,” ते म्हणाले.

इन्स्पेक्टरने ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. ज्या कारणाने सर मेले असं सगळे म्हणत होते, त्या कारणाने सर मरणं शक्य नव्हतं. मग ते कारण फळ्यावर कोणी मांडलं? ते सुद्धा, कदाचित, माणूस गेल्यावर?

३

सरांची मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. इन्स्पेक्टर सरांकडे शिकायला यायची तेव्हा ही दोन वेण्यांची पोर होती. आता ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि वडिलांचं सगळं एकटीने करायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

चहा करते म्हणाली, पण केला नाही. इन्स्पेक्टरनेच करावा म्हणून गॅसकडे हात नेला, तर शेगडीला चालू-बंद करायचे खटकेच नव्हते. दोन्ही काढून ठेवलेले. मुलीने न बोलता कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खटका काढून दिला. घराच्या दाराला वरती, हात उंच करावा लागेल अशा जागी, नवी कडी होती, हेही इन्स्पेक्टरने येताना पाहिलं होतं. औषधांच्या कपाटाला कुलूप होतं.

“घरात लहान मूल नाही. मग हे सगळं कशाला?”

“सवय,” मुलगी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

गोळ्यांचं कपाट तिच्या ताब्यात होतं, किल्ली तिच्या पर्समध्ये असायची. काल दुकानातून दमून आली आणि पर्स बैठकीतच टाकून झोपली. हे सांगताना तिचा आवाज एकसुरी होता, पाठ केलेला धडा म्हणावा तसा. इन्स्पेक्टरला तो आवाज ओळखीचा होता. काहीतरी लपवणारी माणसं याच आवाजात बोलतात. एवढं घर, एवढी वर्षं, एकटीवर पडलेला म्हातारा माणूस. पोलिसाच्या मनात येऊ नये ते येतंच, आणि आल्याची तिला लाजही वाटली.

काल घरी कोण आलं होतं, हे मुलीला माहीत नव्हतं. ती आली तेव्हा सरांच्या खोलीचं दार बंद होतं. जेवायला हाक मारली तर आतून ‘थांब’ एवढंच आलं.

“पण जिवंत होते, ताई. झोप लागेपर्यंत मला खडूचा आवाज येत होता. टक टक, टक टक. थांबतच नव्हता. म्हटलं, बरं झालं, आज कामात आहेत. किती दिवसांनी असं ऐकलं मी.”

इन्स्पेक्टरच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. एवढा वेळ खडू चालला होता. हात मनगटापर्यंत पांढरा झाला होता. आणि फळ्यावर होती एकच ओळ, ती सुद्धा दुसऱ्याच्या हातची.

मग सर लिहीत काय होते? आणि ते गेलं कुठे?

४

ती धावतच खोलीत परत आली. सरांना तोवर नेलं होतं. खुर्ची रिकामी होती. फळ्याच्या दोन्ही कडांना तिने हात लावून पाहिला, आणि तिला एकदम जुनं सभागृह आठवलं. तिथला फळा दुहेरी होता. पुढची पाटी दोरीने वर सरकायची आणि मागे दुसरी असायची.

तिने पुढची पाटी दोन्ही हातांनी वर ढकलली. खोटी संख्या छताकडे गेली. मागची पाटी आकड्यांनी खच्चून भरलेली होती.

हे अक्षर सरांचं होतं. थरथरतं, ओळ सोडून खाली घसरणारं, पण सरांचंच. काय चाललंय हे कळायला तिला जरा वेळ लागला. सरांनी त्या दहा आकडी संख्येने खरंच भाग देऊन पाहिला होता. एवढ्या अजस्र संख्येला सरळ भाग देता येत नाही; त्याला एक वाट आहे. वर्ग करायचा, भागायचं, बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा भाग, पुन्हा बाकी. सरांनी हे सगळं हाताने केलं होतं. मध्येच चुकले होते, तळहाताने पुसलं होतं, पुन्हा पहिल्यापासून मांडलं होतं. आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, शेवटची बाकी होती. शून्य नव्हती. तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

म्हणजे सरांना कळलं होतं. त्यांची संख्या फुटली नव्हती, धडधाकट होती. हे ठाऊक असलेला माणूस जीव कशाला देईल?

पण मग ही एवढी उस्तवार कशाला केली? ज्याला एका नजरेत कळायचं, तो रात्रभर गुणाकार का करत बसला? इन्स्पेक्टर फळ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने खिशातून कॉम्प्युटरने दिलेली बाकी काढली. सरांच्या बाकीशी ताडून पाहिली.

जुळत नव्हती.

ती वरून खाली एकेक ओळ तपासत आली. चूक मधल्या एका गुणाकारात होती. शाळकरी चूक. सात आठे चोपन्न धरले होते. तिथून पुढचं सगळंच चुकीचं होतं. संख्या फुटली नाही हे उत्तर खरं होतं, पण सर तिथे पोचले होते ते चुकीच्या वाटेने, आणि ती वाट चुकल्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

एकच व्याख्यान तीन वेळा. शेगडीचे काढलेले खटके. उंचावरची कडी. एका काजाने चुकलेली बटणं. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिने बघितलं नव्हतं.

दारात मुलगी येऊन उभी राहिली होती. फळ्याकडे बघून तिने तोंडावर हात धरला.

“कधीपासून?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“वर्ष होऊन गेलं. एकदा गॅस नुसताच चालू ठेवला. एकदा बाहेर पडले आणि घर सापडेना. गोळी घेतलेली विसरायचे, पुन्हा घ्यायचे. डॉक्टर म्हणाले तपासणी करू. मी बाबांना कसं सांगणार होते, ताई? कुणाला कळू देऊ नको, एवढं एकच मागितलं होतं त्यांनी माझ्याकडे. ते सुद्धा दोनदा मागितलं, कारण पहिलं विसरले होते.”

“आणि तू कोणालाच सांगितलं नाहीस?”

मुलीने पाठ दाराला टेकली.

“काकांना सांगितलं,” ती म्हणाली.

५

ज्यांना ती काका म्हणत होती, त्यांना संस्थेत सगळे जोडीदार म्हणत. सरांबरोबर त्यांची उभी हयात गेली होती. दोघांचे निबंध एकत्र, भांडणं एकत्र, चष्म्याचा नंबरसुद्धा जवळपास एकच. इन्स्पेक्टरलाही त्यांनी शिकवलं होतं.

त्यांच्या घराकडे चालत जाताना तिने खोट्या संख्येचा आणखी एक गुण तपासला. सरांच्या संख्येला भाग जाणाऱ्या संख्येला दुसरीही एक अट पाळावी लागते: तिच्यातून एक वजा केला, की जितके दोन एकमेकांना गुणले त्या आकड्याने उरलेल्याला भाग गेलाच पाहिजे. सरांचा तो आकडा तिला विसरणं शक्यच नव्हतं. तिने रस्त्याकडेच्या बाकावर बसून भागाकार केला. पूर्ण भाग गेला.

आता चित्र स्वच्छ झालं. अडाण्याने मनाला येईल ती संख्या लिहिली असती, तर ती दोन्ही अटींत नापास झाली असती. सरांना खरोखर फसवायला निघालेल्या जाणकाराने दोन्ही अटी सांभाळल्या असत्या. इथे अवघड अट काळजीपूर्वक पाळली होती आणि सोपी मुद्दाम मोडली होती. ज्याने हे केलं, त्याला सर फसायला नको होते. त्याला सरांनी खोटं पकडायला हवं होतं.

जोडीदारांनी दार उघडलं. त्यांनी दाढी केलेली नव्हती. तिला बघून ते आत वळले आणि पलंगावर बसले.

“परीक्षा होती ना, काका?” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग सांगत गेले. मुलीने काकुळतीला येऊन विचारलं होतं, की बाबांना न दुखवता, त्यांच्या लक्षात न येता, किती राहिलंय आणि किती गेलंय ते बघता येईल का. डॉक्टरांच्या प्रश्नांनी सर चिडले असते. आज वार कुठला, तीन फळांची नावं सांगा, असलं काही त्यांच्यासमोर ठेवायला जोडीदारांना धीर नव्हता. म्हणून गणितातलंच काढलं. सर बाकी सगळं विसरतील, पण आठची बाकी विसरणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

“मी लिहिलं आणि म्हटलं, सापडला बघ, भाग जातो. वाटलं, आता खडू फेकून मारेल. शेवटचे तीन आकडे बघ आधी, गाढवा, असं म्हणेल. तेच ऐकायला गेलो होतो मी.” ते थांबले. “तो बघत राहिला. बघतच राहिला. मग म्हणाला, ‘हो का?’ अगदी हळू. लहान मुलासारखं.”

“तेव्हाच का नाही सांगितलंत खोटं आहे म्हणून?”

“काय सांगू? हे खोटं आहे आणि तुला ते कळलं नाही, असं? त्याच्या तोंडावर? मी निघालो. पळालोच. ‘बघतो मी’ एवढंच तो म्हणाला. म्हटलं, उद्या येऊन थट्टेवारी नेऊ.”

इन्स्पेक्टर समोरच्या स्टुलावर बसली.

“म्हणजे संख्या फुटली असं समजून गेला तो,” जोडीदार शेवटी म्हणाले. “माझ्या एका ओळीपायी.”

६

इन्स्पेक्टरला इथेच थांबता आलं असतं. पण खोटं बोलून या माणसाला फसवता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने मागच्या पाटीबद्दल सांगितलं. सरांनी रात्रभर भाग देऊन पाहिला, बाकी उरली, त्याखाली दोन रेघा मारल्या. आपली संख्या शाबूत आहे हे त्यांना कळलं होतं.

जोडीदारांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. मग ते विझलं. ते गणिती होते. पुढची पायरी त्यांना कोणी सांगावी लागली नाही.

“मग त्याला हेही कळलं असणार,” ते म्हणाले, “की मी खोटं लिहिलं. आणि का लिहिलं.”

“हो.”

“शेवटी आठवलं असेल त्याला? आठचं?”

“ते सांगता येत नाही. पण उत्तर काढल्यावर त्यांनी पुढची पाटी खाली ओढली. स्वतःचं सगळं गणित झाकलं आणि तुमची ओळ तेवढी समोर ठेवली. मग खुर्चीत बसले.”

जोडीदारांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

“संख्या फुटली म्हणून गेला असं लोकांनी म्हणावं, असं त्यांना हवं होतं, काका. डोकं गेलं म्हणून गेला असं म्हणण्यापेक्षा. ज्या संख्येसाठी जन्म काढला, तिला त्यांनी खोटं ठरू दिलं.”

ती हे म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला त्यातली फट दिसली. हे लपणार कसं होतं? दुसऱ्या यंत्रावरची पडताळणी संपायला आली होती. आज ना उद्या संख्या मूळ ठरणार, आणि मग जो तो विचारणार, की त्या फळ्यावरच्या पोरकट ओळीला सर भुलले कसे. जुने सर असते तर दहा पायऱ्या पुढचं पाहिलं असतं. या सरांना एक पायरी पुढचंही दिसलं नव्हतं. त्यांनी शेवटची गोष्ट मांडली होती तीही चुकीचीच. हे तिने जोडीदारांना सांगितलं नाही. त्यांना ते आधीच दिसलं होतं; त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

अहवाल तिने खरा लिहिला. कोणावर गुन्हा दाखल करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मुलीला तो वाचायला मिळणारच होता, म्हणून ती स्वतः जाऊन सांगून आली. फळ्यावरची ओळ ही काकांनी तिच्याच विनंतीवरून घेतलेली परीक्षा होती, हे इन्स्पेक्टरने शेवटी सांगितलं, सांगावं लागलं म्हणून. मुलगी रडली नाही. ‘म्हणजे मीच,’ असं म्हणून ती उठली आणि दुकानात निघून गेली. तिला उशीर होत होता.

महिना होत आला तेव्हा विभागप्रमुखांचा फोन आला. संख्या मूळ ठरली होती. दोन्ही यंत्रांचा निर्वाळा एकच होता. संस्था समारंभ करणार होती, पण मुलीने येणार नाही म्हणून कळवलं होतं. जोडीदार फोन उचलत नव्हते. जोडीदारांना निरोप पोचवाल का, असं विभागप्रमुखांनी भीत भीत विचारलं.

इन्स्पेक्टर दुपारची गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. जोडीदार खिडकीशी बसले होते. तिने सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. ही बातमी ऐकण्यासाठी दोन माणसं आयुष्यभर थांबली होती, आणि ऐकणाऱ्याने ‘बरं’ म्हटलं.

मग ते म्हणाले, “काल दूधवाल्याचं नाव आठवेना मला. सकाळपर्यंत आठवेना.”

“असं होतं कधीकधी.”

“होतं. त्याचंही तसंच सुरू झालं होतं.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “तू येत जा अधूनमधून. पण एक कर. मला काही विचारू नकोस. काहीही नाही. माझं काय राहिलंय, काय गेलंय, ते मला कळू देऊ नकोस.”

ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. कसे आहात, जेवलात का, एवढंही विचारायची आता सोय उरली नव्हती. समोरच्या रस्त्यावरून माणसं ये-जा करत होती. दोघंही त्यांच्याकडे बघत, काही न बोलता, संध्याकाळ होईपर्यंत बसून राहिली.